आजे कशानें गेले?

मामा गेले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. ते वाचून मला रडू येण्याआधी एक भलताच विचार मनात आला. हे मामांना मुळीच पटलं नसतं. “हृदय बंद पडल्यावांचून कोण गेला आहे? हें कारण नव्हे, ही बातमी,” असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सुनावलं असतं आणि कागद बदलून घेतल्याखेरीज ते तिथून हलले नसते. या वेळी मात्र त्यांना हलावं लागलं.

मामा माझे मामा नव्हेत. माझे घरमालक. साऱ्या गल्लीचे ते मामा आणि त्यांची बायको मामी, म्हणून माझेही. चेन्नईच्या अंबत्तूर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं दुमजली घर होतं. बँकेने मला साताऱ्याहून उचलून इथे आणून टाकलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की एक म्हातारे मराठी राव वरचा मजला भाड्याने देतात. मी मोठ्या आनंदाने गेले. परमुलखात आपलं माणूस म्हटलं की आपण फार अपेक्षा धरतो.

चेन्नईत घर शोधताना मालक काय विचारतात याची मी तयारी करून गेले होते. मांस-मच्छी करता का, पाणी जपून वापराल का, नवरा कुठे असतो. मामांनी यातलं काही विचारलं नाही. समोर फिल्टर कॉफीचा पेला सरकवून त्यांनी विचारलं, “तुमचे आजे कशानें गेले?”

मला वाटलं, त्यांचं मराठी मला कळलं नाही. तंजावरचं मराठी ते. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी जे दक्षिणेत उतरलं ते तिथेच राहिलं, आणि शेजारी तमिळ बसली तिच्याशी त्याने संसार थाटला. पण प्रश्न मला बरोबरच कळला होता.

“म्हातारपणाने,” मी म्हणाले.

“तें वय जाहलं. मी कारण विचारलों.”

“झोपेत गेले.”

“ती वेळ जाहली.”

खरं तर मला ठाऊकच नव्हतं. आजोबा गेले एवढं पुरेसं होतं. आमच्या घरात कुणी जास्त खोलात शिरत नसे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाडं बुडवून आले आहे. मग म्हणाले, “सरि, बरें. घरीं विचारून सांगा. तोंवर खोली घ्या.” अशा रीतीने मला जागा मिळाली, एका मेलेल्या माणसाच्या बोलीवर.

मामांची सारी नोकरी विमा कंपनीत गेली, मृत्यूच्या दाव्यांच्या खात्यात. माणूस मेला की घरचे अर्ज करणार, आणि तो खरंच कशाने मेला ते मामा पाहणार. चाळीसएक वर्षं माणूस हे करत राहिला की त्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याची ते ओळख करून घेत, ती अशी: “आपले वडील आहेत? नाहींत? कशानें?” एग्मोरला एकदा मामी तंजावरच्या गाडीत बसत होत्या, तर त्यांना सोडायला आलेले मामा समोरच्या बाकावरच्या प्रवाशाच्या सासऱ्यात इतके गुंतले की गाडी हलली आणि त्यांना पुढच्या स्टेशनापर्यंत जावं लागलं. आजाऱ्याला भेटायला मामी त्यांना कधीच बरोबर नेत नसत. “यांस पाहून मनुष्य बरा होईल काय?” असं त्या विचारत, आणि मामांनाही त्यात वावगं वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर मामांनी तोच धंदा फुकट चालू ठेवला. तंजावरकडची मराठी घराणी चेन्नईभर पसरलेली आहेत. कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी अमेरिकेतून सुट्टीला आलेलं. हल्ली सगळ्यांना वंशवृक्ष काढायची हौस. कोण कुणाचा मुलगा ते कुठूनही कळतं. पण अमके पणजोबा ऐन तिशीत का गेले, चार भावांतला एकच का उरला, हे विचारायला लोक मामांकडे येत.

कागदांवर मामांचा विश्वास नव्हता. माणसांच्या आठवणींवर त्याहून नव्हता. “मनुष्य खोटं बोलतो. घराणं खोटं बोलत नाहीं,” ते म्हणत. त्यांची पद्धत वेगळीच होती. घरात काय चालत नाही, ते विचारायचं. आपल्याकडे प्रत्येक घरात काही ना काही चालत नसतं. कुणाकडे पाळणा बांधत नाहीत, कुणाकडे मंगळवारी प्रवासाला निघत नाहीत, कुणाकडे कारल्याचा वेल लावत नाहीत. विचारलं तर म्हणतात, पूर्वापार आहे. मामा म्हणत, पूर्वापार काही नसतं, एका दिवशी सुरू झालेलं असतं, आणि त्या दिवशी त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं.

जुन्या कारणांचे त्यांचे अर्थही ठरलेले होते. ‘हाय खाऊन गेली’ म्हणजे क्षय, तोही पैसेवाल्या घरात. गरिबाच्या घरी क्षयाला क्षयच म्हणतात. ‘करणी केली’ म्हणजे पोटातला फोड, पण भाऊबंदांत वाटणी चालू असेल तर जेवण कुणी वाढलं ते विचारावं. ‘दृष्ट लागली’ म्हणजे मूल गुटगुटीत होतं आणि गावात साथ होती. हे सगळं ते कॉफी गार होऊ न देता, पाककृती सांगावी तसं सांगत.

एकदा सॉफ्टवेअर कंपनीतला एक मोठा साहेब आला. मराठी आडनाव, बोलणं सगळं तमिळ नाही तर इंग्रजी. त्याच्या घरची कथा अशी की खापरपणजोबा राजासाठी लढताना धारातीर्थी पडले. त्याने त्यांचं घोड्यावरचं तैलचित्र काढायला दिलं होतं आणि हातात तलवार सरळ दाखवावी की वाकडी, एवढंच त्याला हवं होतं. मामांनी विचारलं, “घरीं काय शिजत नाहीं?”

तो म्हणाला, शेवग्याच्या शेंगा. आमच्या सांबारात शेंग पडत नाही आणि दारात झाडही लावत नाहीत.

मामांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “लढाईंत पडलेल्याचे वंशज तलवारीचा राग धरतात. शेवग्याचा कां धरतील?” मामांनी समजावून सांगितलं की शेवग्याची फांदी भरवशाची नसते, मोठ्या माणसाचं वजन घेत नाही. खापरपणजोबा शिपाई होते हे खरं असेल. पण गेले ते शेंगा काढताना.

“पण मामा, घोडा?” साहेबाने काकुळतीला येऊन विचारलं.

मामा दयाळू होते. थोडा विचार करून म्हणाले, “घोडा असूं दे. घोड्यावर उभे राहून शेंगेस हात घातले असतील.”

साहेबाने चित्र बदललं नाही. पण पुढच्या वेळी तो मामींना सांगत होता की त्याच्या बायकोने सांबारात शेंगा घालायला सुरुवात केली आणि सांबार आता सांबारासारखं लागतं.

मामांना वाटेल ते विचारायची भीड नव्हती, असं मी म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. एकदा मैलापूरहून एक बाई आल्या होत्या. त्यांची पणजी विहिरीवर पाय घसरून गेली होती. मामांनी दोन-तीन प्रश्न विचारले. बाई म्हणाल्या, ती विहीर त्याच वर्षी बुजवली. मामा एवढंच म्हणाले, “सरि. पाय घसरला.” बाई समाधानाने गेल्या. मी जिन्यात बसून ऐकत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मामा, खरंच पाय घसरला?”

“घसरलेल्या पायास मी हात लावीत नाहीं.”

“पण त्या तर कारण विचारायला आल्या होत्या.”

“नव्हे. त्यांस पणजी हवी होती. मी दिलों.”

त्यानंतर मी मामांची टिंगल जरा कमी केली.

मग माझी आत्या आली. आई लवकर गेल्यामुळे मला आत्यानेच वाढवलं. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. ऐंशीला टेकली तरी ताठ, जिभेला धार, आणि कुणाचं ऐकून घेईल तर शपथ. गावी आता तिच्याजवळ कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी तिला इथे आणली. एग्मोरला उतरल्या उतरल्या ती म्हणाली, “इथली माणसं भांडतायत की बोलतायत?” तिला मामांची पूर्वकल्पना मी आधीच देऊन ठेवली होती. तरी पहिल्या भेटीत मामांनी “आपले यजमान कशानें?” म्हणून विचारलंच. आत्या म्हणाली, “माझ्या स्वयंपाकाने.” मामा हसले नाहीत. त्यांनी पुढे विचारलं, “किती दिवस जेवत होते?” तेव्हापासून दोघांचं जमलं. सकाळी आत्या खाली जायची, ओट्यावर बसून कॉफी घ्यायची, आणि मामांच्या मराठीला नावं ठेवायची. मामा तिच्या मराठीला ठेवायचे.

पोंगलला मामींनी आम्हाला जेवायला बोलावलं. केळीचं पान, आंबट भात, पिठलं, पायसम. मामी आप्पळम वाढायला आल्या. आप्पळम म्हणजे आपला पापडच. आत्याने पानावर हात आडवा धरला. “मला नको. आमच्यात चालत नाही.”

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं. मी दुसरा आप्पळम मोडत होते.

“भाचीस चालतो,” मामा म्हणाले.

“घरात लाटायचा नाही, एवढंच आहे,” मी म्हणाले. “विकतचा चालतो. आम्ही सगळे खातो.” आणि कारणही सांगितलं. आत्याच्या पाठचा एक भाऊ होता, माझ्या वडिलांच्या आधीचा. तो अडीच-तीन वर्षांचा असताना, उन्हाळ्यात घरात पापड लाटत होते त्या दिवशी त्याला ऊन लागलं आणि तो गेला. तेव्हापासून आमच्या घरी पोळपाटावर पापड नाही. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून सहज सांगितलं.

मामांनी मान हलवली. “न लाटणें हें घराण्याचं. न खाणें हें तुमचं एकटीचं,” ते आत्याला म्हणाले. “अडीच-तीन वर्षांचं पोर. घरच्या अस्क्या, एकूणएक बायका पापडाला बसलेल्या. मग पोराकडे कोण पाहत होतं?”

आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिचा हात अजून पानावर आडवाच होता.

“पोदुम, पोदुम! पुरे,” मामी कडाडल्या. “सणाचे दिवशीं तरी मेलेल्यांस झोपूं द्या. जेवूं द्या त्यांस!” मामा खाली मान घालून जेवले. आत्याही जेवली, पण एकदाही वर न पाहता.

त्यानंतर आत्याने खाली जाणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. मला मामांचा राग आला होता, आणि मी जागा बदलायचं मनात आणलं होतं. मामा जिन्याखाली येऊन उभे राहायचे, वर बघायचे आणि परत जायचे. मामी म्हणाल्या, घरात ते कुणाच्याच आज्याबद्दल विचारेनासे झालेत, ताप आहे की काय बघायला हवं.

मग एका रविवारी सकाळी आत्याने चांगलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, “चल खाली.” मामा ओट्यावर होते. आत्या त्यांच्यासमोर बसली. “विचारा,” ती म्हणाली. “मी ऐंशीची झाले. वर गेल्यावर आई भेटणार. तिला तोंड कसं दाखवू हे मला कळत नाही, आणि आता वेळही फार नाही. तुम्हाला एवढं कळतं ना? मग विचारा.”

मी म्हणाले, “आत्या, काही गरज नाही.” तिने मला हातानेच गप्प केलं.

मामांनी पाणी मागवलं. ते आत्यासमोर ठेवलं. मग साध्या आवाजात, दाव्याचा अर्ज तपासावा तसं विचारलं, “घराभोंवतीं काय होतं?”

“चंद्रज्योतीचं कुंपण.”

“काट्टामणक्कु,” मामा त्याचं तमिळ नाव स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. “पुढें.”

आत्याने सांगितलं. ती सात वर्षांची होती. आईने पोराला तिच्याकडे दिलं आणि म्हणाली, याला खेळव, आम्ही पापडात आहोत. ती त्याला घेऊन कुंपणाशी बसली. चंद्रज्योतीच्या बिया फोडल्या की आत पांढरा गर असतो, तो शेंगदाण्यासारखा गोड लागतो. तिने खाल्ला. पोराने हात पुढे केला. तिने त्यालाही दिला, त्याने पुन्हा मागितला, तिने पुन्हा दिला. मग तिला गोठ्यामागे उलट्या झाल्या. ती कुणाला काही बोलली नाही. पोराला उलट्या-जुलाब लागले. वैद्य आले, त्यांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. पोर राहिलं नाही.

“आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, मी पापडात गुंतले म्हणून माझं पोर उन्हात गेलं. या घरात आता पापड नाही. आजी, म्हणजे तिची सासू, मरेपर्यंत तिला टोचत राहिली, पापडापायी पोर घालवलंस. रोज. जेवायला बसलं की. मी तिथेच असायचे. मी एकदाही म्हणाले नाही की आई नव्हे, मी.” आत्याचा आवाज कोरडा होता. “आता सांगा. ऊन की मी?”

मी मनात देवाचा धावा केला की या माणसाने एकदा तरी खोटं बोलावं. मैलापूरच्या बाईंना दिली तशी माझ्या आत्यालाही एक सोपी गोष्ट द्यावी. मामींनी दारातून त्यांच्याकडे पाहिलं, तेही मला वाटतं तेवढ्याचसाठी.

“ऊन नव्हे,” मामा म्हणाले. “बिया.”

आत्याने मान डोलावली. मला वाटतं, तिला थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी तिचं म्हणणं खरं धरलं होतं.

मामा थांबले नाहीत. “आतां दुसरं. तुम्हांस उलट्या जाहल्या, मग काय दिले?”

“आईने ताक दिलं. दोन दिवस पेज.”

“तुम्ही उन्हांत होतां?”

“नाही. कुंपणाच्या सावलीत.”

“आणि कुंपण?”

“कुंपण काढलं. आईनेच काढवलं.”

“केव्हां?”

“लगेच. सुतक होतं घरात. तिने गडी बोलावला आणि सगळं मुळापासून उपटून घेतलं. म्हणाली, साप निघतात.”

“साप निघाला होता?”

“नाही,” आत्या म्हणाली.

मामा पुढे झुकले. “बाई, मी जन्मभर खोटे जबाब पाहिलों. लोक मेलेल्याचं कारण बदलतात तें आपल्या फायद्यासाठीं. पैशासाठीं, अब्रूसाठीं. आपल्यावर दोष घेऊन कारण बदललेली मी दुसरी पाहिलों नाहीं. घरांत पोर गेलेलं, आणि ती आई कुंपण उपटविते. ऊन लागलं असतं तर कुंपणाशीं तिचं काय भांडण? ती तुमची ओकारी पाहिली, बिया पाहिली. तिला त्याच दिवशीं ठाऊक जाहलं. पुढें कोणी विचारूं नये, पोराकडे कोण होतं, म्हणून ती दोष पापडांवर घातली. पापडांवर घातली म्हणजे आपल्यावर घातली. तुमचं सासर, तुमचं लग्न, तुमचं जिणं, सगळं तिला सांभाळायचं होतं. तुम्ही गप्प राहिलांत म्हणून तिला बोल लागला नाहीं. तुम्ही गप्प राहावं म्हणूनच ती बोल घेतली.”

रस्त्यावर पाण्याची लॉरी आली होती आणि बायका घागरी घेऊन ओरडत होत्या. मामी दारातून हलल्या नाहीत. आत्या मामांकडे पाहत होती, पण तिला मामा दिसत नव्हते.

“तिला ठाऊक होतं?”

“होतं.”

“पहिल्या दिवसापासून?”

“आमा, होय.”

आत्याने डोक्यावरचा पदर हाताने चाचपला. तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं.

“मग ती रोज संध्याकाळी माझी वेणी घालायची,” ती म्हणाली. “मांडीशी बसवून. माझं लग्न होईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. मला वाटायचं, हिला माहीत नाही म्हणून घालते.”